'चंद्रकोरी दाढ' की 'अर्धचंद्रदंती'?

गोदाकाठ: नामशेष खुरी प्राण्यांच्या जीवाश्म दातांवर शाळकरी मुलांसाठी एक माहितीफलक लिहितोय आणि दाढांपाशी अडलोय. गाय, हरीण, जिराफ यांच्या दाढा झिजल्या की माथ्यावर इनॅमलच्या, म्हणजे दातावरच्या कठीण कवचाच्या, वाकड्या कडा उघड्या पडतात, चार चंद्रकोरी शेजारी शेजारी ठेवल्यासारख्या. या 'सेलेनोडाँट' दाढांना एका स्नेह्याने 'अर्धचंद्रदंती' सुचवलंय. बरोबर वाटतं का?

अनवाणी: मराठीत अर्धचंद्र 'देतात' हो, गचांडी धरून बाहेर काढताना! 'चंद्रकोरी दाढ' म्हणा. कपाळावरची कोर सगळ्यांनी पाहिलेली असते आणि आकारही हुबेहूब तोच. शिवाय 'दंती' म्हटलं की हत्ती आठवतो.

गोदाकाठ: पटलं. मग गेंड्याचं काय? त्याच्या वरच्या दाढेला बाहेरच्या अंगाने एक सलग भिंत असते आणि तिच्यातून आत दोन आडवे कंगोरे निघतात. ग्रीक 'पाय' (π) अक्षर काढल्यासारखं दिसतं. याला 'लोफोडाँट' म्हणतात. 'कटकदंती' असलं काही नको.

बांधावरून: वरंबी दाढ. सरी-वरंबा काढलेलं रान वरून बघा, तेच दिसेल. आणि डुकराची दाढ टेंगळी, बुटक्या गोल उंचवट्यांची. आमच्या बोलीत टेंगूळ फक्त डोक्याला येतं असं नाही.

अनवाणी: 'वरंबी'ला माझंही मत. एक भर घालतो. 'दाढ' आली संस्कृत 'दंष्ट्रा'वरून, प्राकृत 'दाढा' मार्गे. पण दंष्ट्रा म्हणजे सुळा, फाडायचा दात! मराठीत येईतो तो जबड्याच्या मागच्या टोकाला जाऊन चघळायला लागला. जुना अर्थ 'यमाच्या दाढेतून सुटला' यात अजून जिवंत आहे. यम काही रवंथ करत नसावा.

बांधावरून: बैलबाजारात दात बघतात ते वेगळे. आदत (अजून दुधाचे दात), दुसा (दोन पक्के दात), चौसा (चार) हे सगळं खालचे पुढचे दात मोजून ठरतं. त्यावरून वय कळतं. जीवाश्मवाले मात्र दाढा बघतात ना?

गोदाकाठ: हो. पुढचे दात एकमुळी, खोबणीतून चटकन गळून वाहून जातात. दाढा दणकट, बहुमुळी. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, म्हणून हाडांचा चुरा झाला तरी दाढ उरते. पुढच्या दातांनीही कधी कधी नाव मिळतं म्हणा. भारतातल्या नामशेष पाणघोड्याचं नाव 'हेक्साप्रोटोडॉन', म्हणजे पुढे सहा दातवाला. आजच्या आफ्रिकेतल्या मोठ्या पाणघोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात चारच. लातूरकडे मांजरा नदीच्या गाळातही पाणघोड्याचे जीवाश्म मिळालेत. त्याची दाढ झिजली की तीन पाकळ्यांचं पान उमटतं. एकदा पाहिली की विसरत नाही.

चष्मा: घोडा राहिला की. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांमध्ये सुमारे १ कोटी ७ लाख वर्षांपूर्वी 'हिप्परिअन' अवतरतो. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ छोटा घोडा, आपलं तट्टू. वरच्या दाढेच्या आतल्या बाजूला इनॅमलचं एक सुटं बेट दिसतं. आजच्या घोड्यात ते बेट मुख्य भूमीला चिकटलेलं असतं. नुसती झिजलेली दाढ हातात असली तरी हा फरक कळतो. त्याच्या दाढा उंचही असतात. गवतातली सिलिका आणि सोबत येणारी माती दात खरवडते, म्हणून झिजायला भरपूर उंची लागते.

गोदाकाठ: त्याच 'हिप्सोडाँट'ला शब्द हवाय.

चष्मा: 'उंच दाढ'. उगाच 'उच्चमुकुटी' करू नका, राजे वाटतील. पण मला खरी शंका 'खुरी'बद्दलच आहे. कॅलिकोथेरियम नावाचा नामशेष प्राणी घ्या. दाढा विषमखुरी गणातल्या, घोडा-गेंड्याच्या गोतावळ्यातल्या, आणि पायाला चक्क नख्या! दात आणि नख्या सुट्या सापडल्या तेव्हा नख्या प्रचंड खवल्या मांजराच्या मानल्या गेल्या. 'खुरी' हे गोत्राचं नाव समजायचं, पायाचं वर्णन नव्हे.

अनवाणी: तसंच 'इंडोह्यूस'. जम्मूतल्या कालाकोटचे दात पाहून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी १९७१ मध्ये नाव दिलं, अर्थ 'भारतातलं डुक्कर'. पुढे २००७ मध्ये कानाच्या हाडावरून तो देवमाशांचा जवळचा नातलग निघाला. समखुरीच (गाय-डुकरांच्या गणातला), पण डुकराशी तसा संबंध नाही. नाव मात्र राहिलं.

गोदाकाठ: चंद्रकोरी, वरंबी, टेंगळी आणि उंच, चारही फलकावर घेतो. गायीच्या चित्राखाली 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' टाकू का? वरच्या जबड्यात पुढे तिला खरंच दात नसतात.

बांधावरून: टाका. फक्त खालचे आठ काढायला चित्रकाराला विसरू देऊ नका.