मदत हवी आहे: इंग्लंडमधली सी-टू-सी सायकलवाट, आपल्या घाटांच्या सवयीवर जमेल का?

अजिंक्यताऱ्याखाली

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याचा, वय ५७, गेल्या वर्षी बँकेतून मोकळा झालो. लेक न्यूकॅसलला असते. जूनमध्ये महिनाभर तिच्याकडे जातोय. नातवाला सांभाळायला जातोय हे घरातून रोज बजावलं जातं आणि ते मला मान्य आहे, पण मधले पाच दिवस मी भांडून मागून घेतलेत.

तिकडे सी-टू-सी नावाची सायकलवाट आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हाइटहेवनहून निघायचं, लेक डिस्ट्रिक्ट आणि पेनाइन्सचे डोंगर ओलांडायचे आणि पूर्वेला संडरलंड नाहीतर टाइनमथच्या समुद्राला लागायचं. सगळी मिळून सुमारे २२५ किलोमीटर. निघताना मागचं चाक आयरिश समुद्रात बुडवायचं आणि पोचल्यावर पुढचं चाक उत्तर समुद्रात, अशी प्रथा आहे म्हणे. हे वाचलं आणि झोप उडाली.

आठवड्यातून तीनदा यवतेश्वर चढतो. पसरणी घाट न थांबता होतो, पुणे-गोवा एकदा झालंय. सायकल साधी रोड बाइक, गिअरच्या चकत्यांना दाते पुढे ५०-३४, मागे ११-२८, टायर २५ मिलिमीटरचे. वाटेवरची सगळ्यात उंच जागा ६०९ मीटर, म्हणजे आपल्या वाईहूनही खाली! मग लोक त्या चढांचं एवढं का रडतात तेच कळेना.

विचारायचंय ते असं. चार दिवस पुरतील का? सायकल इथून न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी? ट्रेनमध्ये सायकल घेतात का? आणि मी शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. तंबू न्यावा का?

टाइनकाठी

काका, मी न्यूकॅसलमध्येच असते. ही वाट दोनदा झाली आहे, त्यातली एकदा रडत.

समुद्रसपाटीपासूनची उंची बघून फसू नका, मीही तिथेच फसले होते. पसरणी साधारण पाच टक्क्यांचा (शंभर मीटरला पाच मीटर चढ), एका लयीत चढतो. एकदा गिअर लावला की वर पोचेपर्यंत अभंग म्हणत जाता येतं. इथे गावातून बाहेर पडणारी गल्लीएवढी वाट अचानक पंधरा-वीस टक्क्यांनी उभी राहते. चढ असतो अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा, लगेच तेवढाच उतार, खाली वळणावर गुरं अडवायला रस्त्यात बसवलेली लोखंडी जाळी, आणि पुन्हा चढ. लय म्हणून लागतच नाही. गंमत बघा, साहेबाने आपल्याकडे घाट बांधले ते बैलगाड्या चढतील अशा बेताने, आणि स्वतःच्या गावाकडच्या वाटा मेंढ्यांनी पाडल्या तशाच ठेवल्या.

त्यामुळे ज्याचं नाव मोठं, तो हार्टसाइडचा घाट (५८० मीटर) तुम्हाला सोपा जाईल. तिथला मोठा रस्ता १८२० च्या दशकातला, मॅकॅडमच्या देखरेखीखालचा. हो, आपल्या 'मॅकॅडम रोड'वालाच. सायकलवाट आधी आतून जाते आणि वर त्या रस्त्याला लागते. माथ्यावरचा कॅफे २०१८ मध्ये आगीत गेला, तेव्हा वर चहा मिळेल असं धरून चालू नका. खरी परीक्षा त्याच्यापुढे आहे. गॅरिगिल नावाचं इवलंसं गाव लागतं, हिरवळ, चर्च, सगळं चित्रातल्यासारखं, आणि बाहेर पडताना जो चढ आहे तिथे मी दोन्ही वेळा उतरून सायकल ढकलली. ढकलतानासुद्धा बुटांच्या टाचा टेकत नव्हत्या. स्टॅनहोपहून वर जाणारा क्रॉलीसाइडही तसलाच, पाटीवरच २० टक्के लिहिलंय.

११-२८ वर हे होणार नाही. म्हणजे होईल, पण गुडघे बोलायला लागतील. मागे निदान ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसवा. टायरही २८-३२ चे हवेत, कारण बरीचशी वाट जुन्या रेल्वेमार्गांवरची खडीची आहे.

चार दिवस आरामात पुरतात: व्हाइटहेवन ते केझिक साधारण ५० किमी, केझिक ते लँगवथबी ४५, तिथून ॲलनहेड्स ४५ (आकडा लहान दिसतो, पण दिवस हाच सगळ्यात अवघड), आणि शेवटचा ८० चा. हा लांब असला तरी स्टॅनहोपच्या चढानंतर वास्करली वे या जुन्या रेल्वेवाटेने कॉन्सेटपर्यंत उतरत जायचं असतं. त्या वाटेवर पेडल मारायचं विसरायला होतं. कॉन्सेटला संडरलंडचा फाटा सोडा आणि डरवेंट वॉक या तसल्याच वाटेने न्यूकॅसलमध्ये उतरा. लेकीकडे चहा घेऊन मग टाइनमथला चाक भिजवायला जा.

चाकोरी

ताईंनी चढांचं सांगितलंच आहे, मी वाऱ्याचं सांगतो. पश्चिमेकडून पूर्वेकडेच जा, कारण वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, पाठीवर येतो. अपवाद हार्टसाइडच्या आसपासचा. क्रॉस फेल डोंगरावरून ईशान्येकडून खाली कोसळणारा 'हेल्म विंड' आहे, ब्रिटनमधला स्वतःचं नाव असलेला एकमेव वारा. डोंगरमाथ्यावर ढगाची सरळ पट्टी बसलेली दिसली की तो सुटलाय असं समजायचं. जोर उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात जास्त, पण जूनमध्येही माथ्यावर विंडचीटर लागतोच.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या तिकडच्या सरकारी नकाशा संस्थेचा पन्नास हजारीच (१:५०,०००) घ्या. रस्त्यावर एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के, दोन बाण म्हणजे २० च्या वर. बाणाचं टोक उताराकडे असतं. मी पहिल्यांदा उलटं वाचलं होतं, आणि ज्या उतारासाठी सकाळपासून थांबलो होतो तो समोर भिंतीसारखा उभा राहिला.

ट्रेन: सायकलीचं वेगळं तिकीट नसतं. न्यूकॅसलहून कार्लाइल आणि तिथून समुद्राकाठच्या गाडीने व्हाइटहेवन, हे सगळं नॉर्दर्न या रेल्वे कंपनीच्या गाड्यांनी होतं. त्यांच्याकडे सायकलीची आगाऊ जागा धरता येत नाही. दोनेक सायकली मावतात, आधी येईल त्याची जागा. म्हणून सकाळची पहिली गाडी पकडा. लंडनहून लांब पल्ल्याच्या गाडीने आलात तर मात्र सायकलीची जागा आधी राखून ठेवावी लागते.

अजिंक्यताऱ्याखाली

@टाइनकाठी, टाचा टेकत नव्हत्या हे वाचून घाम फुटला. ढकलत नेली तर 'सायकलने केली' म्हणता येतं ना? इथे ग्रुपमध्ये एकजण आहेत, पाय टेकला की अख्खा घाट रद्द धरतात.

खाण्याचं आणि तंबूचं राहिलं.

टाइनकाठी

त्या गृहस्थांना गॅरिगिलला पाठवा, मग बोलू.

खाण्याची अडचण पदार्थांची नाही, वेळेची आहे. भाजलेला बटाटा आणि वर बीन्स, चीज टोस्टी, सूप-पाव हे कुठेही मिळतं. स्कोन आणि केकमध्ये अंडं असू शकतं, दरवेळी विचारा. पण गावातले कॅफे दुपारी चारच्या सुमाराला आवरतात आणि पबचं स्वयंपाकघरही ठरावीक वेळीच चालू असतं. साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्या नादात आपण उशिरा पोचतो आणि उपाशी झोपतो. केझिक आणि पेनरिथला दुकानं आहेत, तिथे पिशवी भरून घ्या. पेनरिथनंतर ऑल्स्टन सोडलं तर फारसं काही नाही. दाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे आणा. कंदी पेढे मात्र साताऱ्यातच ठेवा, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे. माझ्या आईचे विमानतळावर गेले, अजून बोलते.

तंबू नको. जमीनमालकाला न विचारता डोंगरात कुठेही मुक्काम करता येत नाही, आणि चढावर चार किलो जास्तीचे कशाला? बी-अँड-बी (नाश्त्यासह घरगुती खोली) किंवा होस्टेल घ्या, पण आत्ताच. जूनच्या शनिवार-रविवारी काही शिल्लक राहत नाही. सायकल ठेवायला आडोसा आणि ओले कपडे वाळवायची खोली आहे का, हे विचारूनच पैसे भरा. केझिकच्या दक्षिणेला बॉरोडेलमध्ये सीथवेट आहे, इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं गाव. महाबळेश्वरपेक्षा पाऊस कमीच, पण आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर पुरवून पुरवून पडतो.

पावशेर

सायकल इथून नेऊ नका असं म्हणेन. माझी खोक्यातून गेली आणि डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकून पोचली. विमान कंपनी म्हणाली, पॅकिंग तुमचं. तिकडच्या दुकानात त्या मॉडेलचा हँगर नव्हता, चार दिवस सायकल नुसती बघत बसलो. व्हाइटहेवनला सायकल देऊन पूर्व किनाऱ्यावर परत घेणारे आहेत. सामानही एका मुक्कामावरून दुसऱ्यावर पोचवतात.

चाकोरी

@पावशेर शी असहमत. ५७ व्या वर्षी अनोळखी सॅडलवर चार दिवस? हवं तर सायकल भाड्याची घ्या, पण सॅडल आणि पेडल स्वतःचेच न्या.

एक राहिलं. कॉन्सेटजवळ वाटेच्या कडेला स्टीलची दोन अवाढव्य सर्व्हेची यंत्रं उभी दिसतील, जनावरासारख्या पायांवर. टोनी क्रॅगचं शिल्प आहे, १९९७ चं. इथला पोलादाचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, त्या जागेची आठवण. तिथे दहा मिनिटं थांबा, पाठही मोकळी होते.

अजिंक्यताऱ्याखाली

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: चार दिवस, पश्चिमेकडून पूर्वेला, मुक्काम आजच धरतो. सायकल माझीच नेतोय, ११-३४ ची कॅसेट आणि २८ चे टायर टाकून, कारण भाड्याचा आकडा रुपयांत काढल्यावर बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मेकॅनिक म्हणतो, आत्ताचा डिरेलर ३४ ला पुरणार नाही, लांब पिंजऱ्याचा लागेल.

आता एकच. जास्तीचा हँगर घेऊन ठेवायचाय, साताऱ्यात मिळत नाही. पुण्यात कुणाकडे मिळेल? सायकलवरचा जुना काढून दाखवायला नेऊ, की नुसता फोटो चालेल?