विषय: २०१ सेंमी उंचीच्या माणसाला बसेल अशी ई-एमटीबी (मोटरची मदत मिळणारी माउंटन बाइक)

प्रेषक: स. जो., एसलिंगन

नमस्कार मंडळी,

आमच्या धाकट्याची उंची २०१ सेंमी, आतल्या पायाचं माप ९७ सेंमी, वजन १०६ किलो. त्याला कंपनीच्या जॉबराडमधून (नोकरीमार्फत सायकल लीजवर, म्हणजे हप्त्यांनी भाड्याने, मिळण्याची जर्मनीतली सोय) फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) ई-एमटीबी घ्यायची आहे. वापर मुख्यतः श्वेबिशे आल्बच्या (दक्षिण जर्मनीतल्या डोंगररांगेच्या) चढांवर. दुकानदार म्हणतो, एक्सएल मापाची घ्या, सीटपोस्ट (सीटखालची दांडी) वर ओढा, झालं काम. हे खरं आहे का? लीजिंगची मुदत ३६ महिने आहे, त्यामुळे चुकीची सायकल गळ्यात पडायला नको. या मेल-यादीवर ई-बाइकमधली जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते.

---

प्रेषक: म. र., रॉइटलिंगन

ताई,

पोस्ट वर ओढला की पाय पुरतात, पण हात आणि पाठ तिथल्या तिथेच राहतात. एवढ्या उंच माणसाची खरी अडचण हँडलच्या उंचीची असते आणि दुकानात नेमकी तीच कुणी मोजत नाही.

आधी ९७ चं माप पक्कं करा. पँटवरचं इनसीम चालत नाही. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, दोन पायांत वीसेक सेंमी अंतर ठेवून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमधून वर सरकवायचं आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं घट्ट धरायचं. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. दोघांनी मिळून दोन-तीनदा घ्या, कारण एकट्याने वाकून मोजलं की माप हटकून कमी येतं.

९७० मिमी गुणिले ०.८८३ म्हणजे ८५७. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची हवी. हा गुणक रोड सायकलींच्या लांब क्रँकवरून (पेडलच्या दांड्यांवरून) आलाय. ई-एमटीबीवर पेडल दगडाला लागू नये म्हणून क्रँक १६० किंवा १६५ मिमीचे असतात, त्यामुळे हिशोबाने सीट आणखी थोडी वर जाते. पण डोंगरात चालवणारे सीट जराशी खालीच ठेवतात. आपण ८६० धरू.

सीटट्यूब (सीटपोस्ट जिच्यात बसतो ती फ्रेमची नळी) तिरकी असते, म्हणून ८६० मधली उभी उंची ८३० च्या आसपास येते. आता हँडल बघा. नेहमीच्या एक्सएल फ्रेमचा स्टॅक (बॉटम ब्रॅकेटपासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची) ६५० धरा. त्यावर २० मिमी स्पेसर (कड्या), स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि २५ मिमी राइजचा (मधल्या भागापेक्षा टोकं तेवढी उंच असलेला) हँडलबार, असं सगळं मिळून हँडल साधारण ७१० वर येतं. म्हणजे सीट हँडलपेक्षा १२ सेंमी वर! चढावर मनगटं बधिर होतात, मान दुखते, आणि उतारावर सीट खाली केली तरी छाती पुढच्या चाकावर झुकलेली राहते. हा फरक ६ सेंमीच्या आत आणायचा.

स्पेसर वाढवणं हा पहिला उपाय सुचतो, पण तो पुरत नाही. हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) ६४ अंश असेल तर १० मिमी स्पेसरने हँडल ९ मिमी वर जातं आणि साडेचार मिमी मागेही येतं. ३० मिमी टाकले की ५०० चा रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) ४८७ होतो. शिवाय फोर्कचा स्टीअरर (पुढच्या चाकाच्या चिमट्याची वर हँडलपर्यंत जाणारी नळी) कारखान्यातून कापूनच येतो, आणि कापलेला वाढत नाही. म्हणून जास्त राइजचा बार घ्या. डेटी कंपनीचा हायसाइड बार ८० मिमी राइजमध्ये मिळतो. २५ च्या जागी ८० म्हणजे एका फटक्यात ५५ मिमी. बार किंचित पुढे फिरवून बसवला की राइज सरळ वर जातो आणि रीच खात नाही. सोबत ६७० च्या पुढचा स्टॅक असलेली फ्रेम मिळाली तर फरक साडेचार सेंमीवर येतो. म्हणून जिओमेट्रीच्या (फ्रेमच्या मापांच्या) तक्त्यात रीचच्या आधी स्टॅकची ओळ वाचा.

दुसरी फसवी ओळ सीटट्यूब अँगलची. तक्त्यात ७७ अंश लिहिलेलं असतं, पण तो 'इफेक्टिव्ह' कोन एका ठरावीक उंचीवर मोजलेला असतो. प्रत्यक्षातली नळी बऱ्याचदा ७१ अंशाचीच असते. त्या उंचीच्या वर प्रत्येक १० सेंमीला सीट ७७ अंशात सव्वादोन सेंमी मागे जाते, ७१ अंशात सव्वातीन. धाकट्याची सीट २० सेंमी वर गेली तर तो तक्त्यापेक्षा २ सेंमी जास्त मागे बसणार. मोटरचा जोर आणि मागे गेलेलं वजन एकत्र आलं की खड्या चढावर पुढचं चाक उचलतं. सीट रेलवर (तिच्या खालच्या सळ्यांवर) पूर्ण पुढे घ्या, नाक एक-दोन अंश खाली करा, आणि चेनस्टे (बॉटम ब्रॅकेट ते मागच्या चाकाचा आस ही लांबी) ४५० च्या वर असलेली सायकल शोधा. सेटबॅक असलेला (सीट मागे नेणारा) पोस्ट मुळीच घेऊ नका.

ड्रॉपरबद्दल (चालवता चालवता वर-खाली करता येणाऱ्या सीटपोस्टबद्दल) सविस्तर लिहितो, कारण फ्रेम तडकते ती इथेच. बाकी लोकांना पोस्ट पुरेसा आत जात नाही ही चिंता असते, कारण ई-बाइकमध्ये खाली मोटर आणि पिव्हट (मागच्या सस्पेन्शनचे सांधे) आडवे येतात. धाकट्याचं उलटं आहे, त्याचा पोस्ट फार बाहेर येणार. सीटट्यूब ४७० असेल तर ८६० पर्यंत ३९० मिमी उरतात. सीटचे रेल ते माथा ५० वजा केले की ३४०. २४० मिमी वर-खाली होणारा ड्रॉपर, उदाहरणार्थ वनअप कंपनीचा, पूर्ण उघडल्यावर कॉलरपासून (बाहेरच्या नळीच्या माथ्यापासून) रेलपर्यंत २७५ ते २९५ घेतो. म्हणजे बाहेरची नळी ४५ ते ६५ मिमी वर राहील. ते चालतं, पण पोस्टवरची किमान रेघ आणि फ्रेमच्या पुस्तिकेतली किमान खोली या दोन्ही तपासा आणि जी जास्त असेल ती पाळा. सोबत येणारा १७० चा ड्रॉपर तेवढ्याच उंचीला आणला तर नळी आणखी ७० मिमी बाहेर येते. तो एकूण आखूडही असतो, म्हणून आत फारच थोडा उरतो. मग प्रत्येक खड्ड्यात टॉपट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या नळीच्या) जोडापाशी फ्रेमवर पहार घातल्यासारखा ताण येतो.

फ्रेमची सीटट्यूब ३४.९ मिमीची असेल तर पोस्टही त्याच व्यासाचा घ्या, रिड्यूसर घालून ३०.९ नको. १०६ किलोखाली बारीक पोस्टचे बुशिंग (आतल्या सरकत्या कड्या) लवकर खिळखिळे होतात.

---

प्रेषक: अ. दे., कार्ल्सरुह

म. र. दादांच्या हिशोबात वजनाची भर घालतो. १०६ किलो स्वार, २५ किलो सायकल, ५ किलो बॅग-पाणी-हेल्मेट, एकूण १३६. 'त्सुलेसिगेस गेझाम्टगेविश्ट' (परवानगी असलेलं एकूण वजन) हा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि त्यात सायकलही धरलेली असते. १२० किलो लिहिलेली सायकल धाकट्यासाठी बाद, मग ती मापाने कितीही बसो. १५० शोधा.

शॉकवर (मागचे धक्के झेलणाऱ्या हवेच्या नळकांड्यावर) कमाल दाब छापलेला असतो. दुकानातच हवा भरून ३० टक्के सॅग (स्वार बसल्यावर शॉक दबण्याचं प्रमाण) येतो का पाहा. कमाल दाबालाही सायकल जास्त दबत असेल तर ते मॉडेल सोडा. टोकन (शॉकमधली हवेची जागा कमी करणारे तुकडे) बसवून सॅग सुधारत नाही, त्याने फक्त शेवटचा प्रवास कडक होतो. दाब वाढला की रिबाउंडही (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग) जास्त मंद करावा लागतो. तो स्क्रू टोकाला टेकला आणि तरी सायकल उसळत असेल, तर शॉक आतून ट्यून करून घ्यावा लागेल.

ब्रेक चार पिस्टनचे, डिस्क पुढे २२० किंवा २२३, मागे २०० किंवा २०३. फ्रेम आणि फोर्क किती मोठी डिस्क सोसतात ते आधी पाहा. बॅटरीत कंजुषी करू नका. एकूण वजन १०० किलोऐवजी १३० असलं की तोच चढ चढायला ३० टक्के जास्त ऊर्जा जाते. बॉशच्या पॉवरट्यूब ६०० बॅटरीचं वजन ३ किलो, ८०० चं ३.९. त्या ९०० ग्रॅमचा धाकट्याला काहीच फरक पडणार नाही.

उंच बारची एक मेख. हल्ली ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून (हँडलखालच्या बेअरिंगांमधून) आत जातात आणि त्यांना ढील नसते. बार बसवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. नळी ताणली तर नवी लांब नळी, नवं ऑलिव्ह, नवं इन्सर्ट (नळी जोडणारे छोटे भाग) आणि ब्लीडिंग (ब्रेकच्या तेलातली हवा काढणं), वर हेडसेटही उघडावा लागतो. इथल्या सायकल उद्योगाची पेडेलेकचे (पेडल मारतानाच मोटर मदत करते अशा सायकलीचे) भाग बदलण्यासंबंधी मार्गदर्शिका आहे. तीनुसार नळ्या-केबलींची लांबी बदलावी लागत नसेल तर हँडल-स्टेम बदलायला सायकल किंवा त्या भागाच्या उत्पादकाची संमती पुरते. लांबी बदलणार असाल तर सायकलच्या उत्पादकाकडूनच लेखी घ्या.

---

प्रेषक: स. जो., एसलिंगन

दोघांचे मनापासून आभार. मॉडेलं सुचवाल का? आणि हे बदल लीजिंगमध्ये कसे बसवायचे?

---

प्रेषक: म. र., रॉइटलिंगन

ताई,

पहिली पाहण्यासारखी स्पेशलाइज्ड टर्बो लेवो, एस६ मापात. रीच ५३० च्या आसपास, सीटट्यूब ३४.९. दुसरी सान्ता क्रूझची व्हाला, एक्सएक्सएल, बॉश मोटरची. मोठ्या मापाला ते चेनस्टेही लांब करतात, आणि ते उंच माणसाला फार उपयोगी पडतं. दोन्ही महाग आहेत. ही मापं दुकानात उभी नसतात, मागवावी लागतात. खिशाला झेपेल असं काही हवं असेल तर क्यूबची रिअ‍ॅक्शन हायब्रिड एक्सएक्सएलमध्ये मिळते, पण ती हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) आहे. जंगलातल्या रुंद रस्त्यांना ठीक, आल्बच्या मुळं-दगडांवर पाठ हादरेल. लोअर सॅक्सनीतली निकोलाई अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मापाने बनवून देते. धाकट्याची उंची आणखी चार-पाच सेंमी असती तर मी थेट तिकडेच जायला सांगितलं असतं. कॅलिफोर्नियाची डर्टीसिक्सर ३६ इंची चाकांवर उंच लोकांसाठीच सायकली बनवते, पण फुल सस्पेन्शन नाही आणि त्या मापाचे टायर मोजकेच मिळतात.

चालवून बघताना सपाट पार्किंगमध्ये फेऱ्या मारून काही कळत नाही. सीट ८६० ला लावून खडा चढ शोधा, बसून, हलक्या गिअरमध्ये, टर्बो मोडवर (मोटरच्या सर्वाधिक मदतीवर) चढू द्या. पुढचं चाक हलकं होतंय का आणि वळताना गुडघा हँडलला लागतोय का, एवढं बघा. गुडघा लागला तर ती फ्रेम त्याच्यासाठी आखूडच.

लीजिंगचं म्हणाल तर बार, ड्रॉपर, डिस्क हे सगळं पहिल्याच ऑफरमध्ये, सायकलला पक्कं बसवलेलं म्हणून लिहून घ्या. मग ते हप्त्यात येतं. नंतर स्वतः बदललंत तर मूळ भाग जपून ठेवा, परत करताना लागतील.

---

प्रेषक: अ. दे., कार्ल्सरुह

एक राहिलं. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये जंगलातल्या २ मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकल चालवायला मनाई आहे, खास परवानगी दिलेल्या ट्रेल सोडून. २५० वॅट आणि ताशी २५ किमीपर्यंत मदत करणारी पेडेलेक कायद्याने सायकलच, म्हणून तिलाही तोच नियम. चाचणीचा चढ निवडताना वाटेची रुंदी बघा.