ओस्लोचं 'हवामान बजेट' मुंबईला मानवेल का?

खाडीकाठ (धागाकर्ता)
जून 2024 मध्ये मुंबई महापालिकेनं पहिल्यांदा 'हवामान अंदाजपत्रक' काढलं. नेहमीच्या बजेटातली कुठली कामं हवामानबदलाशी जोडलेली आहेत, ती त्यात वेगळी काढून दाखवली. रक्कम भरली दहा हजार कोटींच्या वर. कल्पना मूळची नॉर्वेतल्या ओस्लोची. इथवर पोचली ती 'सी-40' या शहरांच्या गटामुळे. लंडनचे तेव्हाचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी 2005 मध्ये 18 महानगरं गोळा करून ही मोट बांधली, आता त्यात शंभराच्या आसपास शहरं आहेत. मुंबई डिसेंबर 2020 मध्ये आत गेली.

माझं मत सरळ आहे. देशादेशांच्या वाटाघाटी चालायच्या तेवढ्या चालू देत, तुंबणारं गटार शेवटी महापालिकेचंच असतं. दुसऱ्या शहरानं डोकं आपटून शिकलेलं आपल्याला आयतं मिळत असेल तर घ्यावं.

तिरकस चष्मा
घ्या की. पण घेतलं काय? पर्जन्यजलवाहिन्या, पंपिंग स्टेशनं, मलप्रक्रिया केंद्रं ही कामं 'हवामान' हा शब्द पालिकेत यायच्या आधीपासून रखडलेली आहेत. त्याच फायलींना हिरवं कव्हर घातलं.

26 मे 2025 आठवतोय? पाऊस लवकर आला आणि हिंदमाता, गांधी मार्केट पाण्यात. पंप लावलेले होते, चालवायला माणसं वेळेवर नव्हती. मग पालिकेनं कंत्राटदारांना दहा-दहा लाख दंड ठोकला. त्या दिवशी हवामान बजेट होतं, पंपाचं बटण दाबणारा नव्हता. हे शिकायला ओस्लोला जावं लागतं का?

फ्योर्डवाली
मी मूळची डोंबिवलीची, अकरा वर्षं ओस्लोत आहे, म्हणून लिहिते. इथलं हवामान बजेट 2017 पासूनचं, आणि त्यात क्रोनरइतकेच (इथलं चलन) टनही मोजतात. कुठल्या कामातून किती कर्बवायू कमी होणार आणि ते कुठल्या खात्याच्या डोक्यावर, हे अर्थखात्याच्या कागदात लिहिलेलं असतं. पर्यावरण खात्याच्या पुस्तिकेत नाही. फरक तिथे आहे.

एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. गेल्या वर्षी आमच्या खिडकीखालचा रस्ता खणला. खोदयंत्र बॅटरीवरचं. धूर नाही, घरघर नाही, फक्त लोखंडी दात दगडावर घासल्याचा आवाज. मुलगा दुपारी शांत झोपला होता. यंत्र काही पालिकेनं विकत घेतलेलं नव्हतं, निविदेत अट होती. काम हवं असेल तर असं यंत्र आणा. 2025 पासून पालिकेच्या बांधकामांना ती अट पक्की झाली.

तिरकस चष्मा
ताई, तुमची वीज धबधब्याची. आमची बरीचशी कोळशाची. मुंबईच्याच हवामान कृती आराखड्यात लिहिलंय की 2019 चं उत्सर्जन 2.34 कोटी टन आणि त्यातलं 72 टक्के ऊर्जावापरातून. वीजदर ठरवतो राज्याचा आयोग, लोकल रेल्वेची, मेट्रो एमएमआरडीए या राज्याच्या प्राधिकरणाची आणि आणखी कुणाकुणाची. निव्वळ उत्सर्जन शून्यावर कधी आणणार? देश म्हणतो 2070, मुंबई म्हणते 2050. वीस वर्षं आधी! दुसऱ्याच्या खिशातल्या पैशावर नवस बोलल्यासारखं आहे हे.

आणि हा आराखडा मार्च 2022 मध्ये आला, त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक बसला. पुढची कित्येक वर्षं जाब विचारायचा तर विचारायचा कुणाला?

फ्योर्डवाली
विजेचं मान्य. इथल्याही यशातला मोठा वाटा देशाच्या करसवलतीचा आहे, विजेच्या गाड्या त्यामुळेच खपल्या. म्हणून तर निविदेचं बोलले. निविदा तरी पालिकेची स्वतःची असते ना?

पत्र्याखालचा
मी गोवंडीत राहतो. एप्रिलमध्ये दुपारी पोटमाळ्यावर हात वर केला की पत्र्याची धग बोटांना लागते. आई गोणपाट भिजवून वर टाकते, तासाभरात ते कडक वाळलेलं असतं.

शिकायचंच तर अहमदाबादकडून शिका. 2010 च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. 2013 मध्ये त्यांनी उष्णता कृती आराखडा केला, इशारे, दवाखान्यांची तयारी, पुढे वस्त्यांत छतांना पांढरा रंग. ओस्लोत उकडतं का? गुजरात मेलनं एका रात्रीत जाऊन येता येतं.

खाडीकाठ
+1. पण तेही शहरांनी शहरांकडून शिकणंच झालं की.

पेठेतला
आम्ही पुणेकर या विषयात पोळलेले आहोत. बसला वेगळी मार्गिका ही कल्पना ब्राझीलमधल्या कुरितिबाची, 1974 ची. ती कोलंबियातल्या बोगोटानं उचलली. 2006 मध्ये पुण्यानं कात्रज-हडपसरला. मार्गिका आली, पण तीत रिक्षाही घुसल्या आणि दुचाक्याही. रस्त्याच्या मध्यावरच्या थांब्यापर्यंत म्हातारा माणूस पोचणार कसा, ते कुणी पाहिलंच नाही. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका तर उखडूनच टाकली. नक्कल केली फक्त रंगाच्या पट्ट्याची.

खाडीकाठ
अहमदाबादनं तीच कल्पना 2009 मध्ये घेतली आणि तिथे ती बरी तगली. म्हणजे दोष बोगोटाचा नाही, उचलणाऱ्याचा. असो. @फ्योर्डवाली, त्या अटीचा मजकूर मिळेल का? आमच्याकडे सगळ्या गल्ल्या काँक्रीटच्या करायला घेतल्यात, डिझेलची यंत्रं रात्री दोनपर्यंत धडधडतात. वॉर्ड ऑफिसात एक अर्ज तरी देऊन बघतो.

फ्योर्डवाली
नॉर्वेजियनमध्ये आहे. शनिवारी बसून मराठी करते.

तिरकस चष्मा
करा. त्यात एक कलम माझंही घाला: खणलेला खड्डा पावसाच्या आत बुजवावा. त्याला बॅटरी लागत नाही.