आफ्रिकन सफारी: गाडी थांबवून तुम्ही काय पाहिलंत? (अनुभव धागा)

सफारीचे फोटो सगळ्यांकडेच असतात. सिंह झाला, हत्ती झाला, बिबट्या तेवढा राहिला हा हिशोबही असतो, पण इथे तो नको. कुठल्यातरी एका प्राण्यापाशी गाडी थांबवून निवांत बसलात आणि समोर जे घडत गेलं ते लिहा. ठिकाण आणि महिना नक्की टाका, पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

सुरुवात मीच करते. टांझानिया, एन्डुटू, फेब्रुवारी. दक्षिण सेरेंगेटीकडची ही आखूड गवताची मैदानं. जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवतात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर, म्हणून विल्डबीस्ट (कळपाने फिरणारी मोठी, दाढीवाली हरणं) विणीसाठी इथेच येतात. ऐन भरात दिवसाला आठ हजारच्या आसपास पिल्लं जन्मतात असं गाईड म्हणाला. त्याने कळपापासून थोडी बाजूला असलेली एक मादी हेरली आणि लांबवरच इंजिन बंद केलं. ती आडवी पडायची, उठायची, पिल्लाचे दोन खूर बाहेर दिसतायत तशीच चार पावलं चालायची, परत पडायची. मग पिल्लू एकदम धप्पकन बाहेर आलं, ओलंचिंब, मातकट रंगाचं. आईने चाटायला घेतलं तोवर ते पुढचे गुडघे टेकून मागची बाजू वर उचलत होतं, तोंडावर आपटत होतं, परत उचलत होतं. आम्ही गाडीत सगळे श्वास रोखून "ऊठ ऊठ" करतोय! पाच-सात मिनिटांत उभं राहिलं आणि थोड्याच वेळात आईच्या मागे चक्क पळायला लागलं. पळावंच लागतं कारण तरसं घिरट्या घालतच असतात, आणि एक कोल्हा वार न्यायला येऊन बसला होता. इतकी पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात म्हणूनच निभावतं, शिकारी खाऊन खाऊन किती खाणार, उरलेली वाचतात.

* * *

आमचं केनियातलं मसाई मारा, ऑगस्ट. विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतानाचा तो प्रसिद्ध देखावा बघायचा तर वाट बघायची तयारी ठेवा. कळप काठावर येतो, पुढचे दोन-चार पाणी हुंगतात आणि काहीही कारण दिसत नसताना सगळेच्या सगळे मागे फिरतात, असं सकाळपासून चाललेलं. दुपारी काही झेब्रे उतरले आणि त्यांच्या मागून विल्डबीस्टची रांगच सुटली, धूळ इतकी की पलीकडचा काठ दिसेना. मगरींनी एक ओढला, तो ओरडलासुद्धा नाही, नुसता खाली गेला. पण मगरीपेक्षा बुडून आणि चेंगरून मरणारे कितीतरी जास्त, वर्षाला सरासरी सहा हजारांच्या वर बुडतात. ती मढी मग गिधाडं, मारबू करकोचे आणि नदीतले मासे खातात, म्हणजे नदीही त्यावरच जगते.

एक सांगायलाच हवं, एका गाडीने अगदी कड्याच्या तोंडाशी जाऊन कळपाची वाट अडवली होती, आतले पर्यटक टपावर चढून फोटो काढत होते. जनावरं बिथरून जास्त उंच कड्यावरून उड्या टाकायला लागली. आपण पैसे दिलेत म्हणून ड्रायव्हरला 'अजून जवळ घे' म्हणू नका प्लीज, आणि तो स्वतःहून नेत असेल तर त्याला थांबवा.

* * *

मी नैरोबीतच राहतो. लांब जायला जमत नसेल तर नैरोबी नॅशनल पार्कला कमी लेखू नका. ११७ चौरस किलोमीटर, शहराच्या मध्यापासून अर्ध्या तासावर, १९४६ सालचं, केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. हत्ती नाहीत, पण काळे गेंडे आहेत, सिंह आहेत. मागे उंच इमारती आणि पुढ्यात जिराफ मान लांब करून बाभळीचा पाला ओरबाडतोय, काटे असूनही जीभ कशी बरोब्बर आत शिरते ते बघत आम्ही बराच वेळ बसतो, पोरांना तर तेच सगळ्यात आवडतं. आत हस्तिदंत जाळल्याची जागा आहे ती चुकवू नका. १९८९ मध्ये १२ टन आणि २०१६ मध्ये १०५ टन तिथे जाळलं. राखेच्या ढिगाजवळ उभं राहिलं की किती हत्ती गेले असतील हा विचार येऊन पोटात कालवतं.

* * *

केनिया-टांझानियाला जाणाऱ्यांनी यलो फिव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर भारतात क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, चिवडा-लाडू डब्यात न्या. आणि दुर्बीण माणशी एक हवी, एकात भांडणं होतात.

* * *

केनियातलं अंबोसेली, जानेवारी. किलिमांजारोचं पाणी जमिनीखालून झिरपत इथल्या दलदलींत येतं म्हणून हत्ती बारमाही. संशोधक सिंथिया मॉस यांचं इथल्या हत्तींवरचं काम १९७२ पासून चालू आहे, कानांच्या कडांवरून एकेक हत्ती ओळखतात, घराण्यांची वंशावळ ठेवलीय. आम्ही गेलो ते २०२२ च्या दुष्काळानंतर, जागोजागी हाडं पडलेली. एक कळप दलदलीकडे चालला होता, वाटेत हत्तीची कवटी होती, तिथे म्हातारी थांबली. सोंडेचं टोक कवटीच्या खोबणीत घातलं, दातांच्या जागेवर फिरवलं, मग मागचा पाय उचलून तळव्याने अगदी हलकेच कवटी चाचपली. बाकीच्या माद्या गोल करून उभ्या, एकीनेही घाई केली नाही, पिल्लंसुद्धा पायात थांबली. गाईड म्हणाला म्हशींच्या-झेब्र्यांच्या हाडांपाशी हे असे थांबत नाहीत. माझी आई त्याच वर्षी गेली होती, त्यामुळे मला पुढचं नीट दिसलं नाही. ती कवटी त्यांच्यातलीच कुणाची होती का, ते कुणाला सांगता येणार, पण मला वाटतं होतीच.

* * *

नामिबियाचं एटोशा कुणीच लिहिलं नाही म्हणून. ओकाउकुएजो कॅम्पमधल्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात, दगडी भिंतीमागे बाकांवर बसायचं, बस्स. इथे तुम्ही प्राण्यांच्या मागे जात नाही, तेच येतात. कोरड्या दिवसांत जा, सप्टेंबर उत्तम. आम्हाला काळ्या गेंड्याची मादी आणि पिल्लू दिसलं, पाणी पिताना तोंडाचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ. हत्ती आले की गेंडे बाजूला होतात पण निघून जात नाहीत, फुरफुरत उभे राहतात. थंडी वाजते, घोंगडी न्या.

* * *

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगरला आम्ही स्वतःच गाडी चालवली, ते खूप सोपं आहे, डांबरी रस्ते, वेगमर्यादा ५०, अंधार व्हायच्या आत कॅम्पच्या गेटात पोचायचं आणि मधे गाडीतून उतरायचं नाही. पहाटे रस्त्यावरच रानकुत्री पसरलेली, गोल मोठाले कान, प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे. आम्ही इंजिन बंद केलं तरी ढिम्म हलेनात. मग एक उठलं, दुसऱ्याचं तोंड चाटलं, चिवचिवाट सुरू झाला, एवढ्या मोठ्या शिकारी जनावरांचा आवाज पाखरांसारखा! सगळी एकमेकांच्या अंगाखालून घुसतायत, शेपट्या वर, आणि दोनेक मिनिटांत रांगेने गवतात गायब. आफ्रिकेतल्या सगळ्यात दुर्मिळ शिकारी प्राण्यांपैकी हे, आणि लोक मात्र सिंहासाठी बाजूने गाड्या काढत होते, फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी बोट्स्वाना ठरतंय. तिथल्या ओकावांगोच्या दलदलीत मोकोरोतून, म्हणजे त्या अरुंद होडीतून कुणी फिरलं असेल तर सविस्तर लिहा, सासूबाईंच्या गुडघ्यांना त्यात बसणं-उठणं झेपेल का ते हवंय.