जवानाच्या साहित्याबद्दल आपल्या खासदाराला नेमकं काय विचारायचं?

कोरेगावची_बाई

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात नागरिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे घरटी कुणी ना कुणी फौजेत आहे, नाहीतर होतं. माझा धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, सध्या उंचावर. तो घरी ड्युटीबद्दल बोलत नाही आणि आम्हीही विचारत नाही. पण २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालाबद्दल वाचलं होतं, ते डोक्यातून जात नाही. सियाचीन-लडाखसारख्या ठिकाणी लागणाऱ्या बर्फाच्या गॉगलचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के! क्षेपणास्त्र नाही, विमान नाही, साधा गॉगल.

परवा दहावीला संसद शिकवत होते. एका मुलीने विचारलं, "बाई, फौजेला कुठली बंदूक घ्यायची हे खासदार ठरवतात का?" पुस्तकात एवढंच आहे की संसद सरकारच्या खर्चावर नियंत्रण ठेवते. ते कसं, हे मला नीट सांगता आलं पाहिजे.

तर, लष्करासाठी काय घेतलं, किती घेतलं, वेळेवर आलं का, यावर संसदेत कोण नजर ठेवतं? खासदाराच्या हातात खरंच काही असतं का? मला आमच्या खासदारांना पत्र लिहायचं आहे. "जवानांकडे लक्ष द्या" असं लिहिलं तर छापील आभाराचं उत्तर येईल. ज्याला खरं उत्तर द्यावं लागेल असं काय विचारू?

कुठल्या पक्षाने काय केलं ही भांडणं इथे नकोत, ही विनंती.

निवृत्त_हिशेबनीस

ताई, माझी नोकरी संरक्षण खर्चाच्या लेखापरीक्षणात गेली. आता पुण्यात असतो. फायलींमधलं काही सांगणार नाही, छापून आलेल्यावरच बोलतो.

तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, नाही ठरवत. सैन्यदलं गरज मांडतात. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची संरक्षण खरेदी परिषद ती मान्य करते. मग निविदा, चाचण्या, भावाची बोलणी, आणि रक्कम मोठी असेल तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचा होकार. या साखळीत संसद कुठेही नाही. ती येते आधी पैसे मंजूर करताना आणि मग एकदम शेवटी, हिशेब तपासताना.

पैसे मंजूर होण्याआधी अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयाने वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, संरक्षणविषयक स्थायी समितीकडे जातात. या समित्या १९९३ पासूनच्या. हिच्यात ३१ खासदार, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बैठका बंद दाराआड होतात, तिथे पक्षादेश चालत नाही, आणि कॅमेरे नसल्यामुळे खासदार कामाचं बोलतात. सचिव आणि तिन्ही दलांचे उपप्रमुख साक्षीला येतात.

मार्च २०१८ चा या समितीचा अहवाल तुम्ही जरूर वाचा. अध्यक्ष होते भुवनचंद्र खंडुरी, निवृत्त मेजर जनरल आणि सत्ताधारी पक्षाचेच खासदार. उपसेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीपुढे सांगितलं की लष्कराचं ६८ टक्के साहित्य जुनाट आहे, २४ टक्के चालू पिढीचं आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी, आणि आधीच चालू असलेल्या १२५ योजनांची देणीच होती २९,०३३ कोटींची. नवं काही घेणं दूरच, जुने हप्ते भागत नव्हते. गणवेशातला अधिकारी हे सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षासमोर बोलला आणि समितीने ते छापलं. आपल्या संसदेबद्दल आदर वाटावा असं ते काम आहे.

आणि त्याच महिन्यात लोकसभेने सगळ्याच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. याला गिलोटिन म्हणतात. २०२३ मध्येही तेच झालं. समितीने जे खणून काढलं त्यावर सभागृहात कुणी तासभरही बोललं नाही. याचा मला मनापासून राग येतो. सप्टेंबर २०१८ मध्ये खंडुरींच्या जागी दुसरे अध्यक्ष आले.

शेवटचं काम कॅग आणि त्याचे अहवाल तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचं. या समितीत २२ खासदार आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा, ही प्रथा फार मोलाची. तुम्ही वाचलेला गॉगलचा अहवाल यांच्याकडेच गेला, समितीने तो विषय तपासायला घेतला. त्याआधी २०१७ मध्ये दारूगोळ्याचा अहवाल आला होता. तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारे नव्हते आणि ठरलेला ४० दिवसांचा साठा फक्त ३१ प्रकारांचा होता. आपल्या राज्याने हा आकडा विसरू नये, कारण खडकी, वरणगाव, भद्रावती इथे तोच माल बनतो.

पण कॅग मुख्यतः पाहतो तो झालेला खर्च. जे घेतलंच गेलं नाही, त्याचं व्हाउचर नसतं. म्हणून मला स्थायी समिती जास्त महत्त्वाची वाटते. बुलेटप्रूफ जॅकेटचं बघा. २००९ मध्ये १,८६,१३८ जॅकेटं घ्यायला मान्यता मिळाली. निविदा निघाल्या, चाचण्यांत माल नापास झाला, परत सुरुवात. स्थायी समितीने यावर सरकारला चांगलंच धारेवर धरलं. मधल्या काळात, २०१६ मध्ये, तात्पुरती सोय म्हणून ५०,००० जॅकेटांची वेगळी खरेदी करावी लागली. मूळ मागणीचा ६३९ कोटींचा करार झाला एप्रिल २०१८ मध्ये. एवढ्या वर्षांत फाइल कुठेही हरवली नव्हती. प्रत्येक टेबलावर नियमाप्रमाणेच काम चाललं होतं. चौकशी करायला कुणी चोरही नव्हता. असा उशीर कुठल्याच घोटाळ्यात बसत नाही, म्हणून त्यावर सभागृह बंद पडत नाही.

आणखी एक. भांडवली खर्चाचा पैसा ३१ मार्चला खर्च झाला नाही की परत जातो. करार एप्रिलवर गेला तर त्या वर्षीची तरतूद गेली. म्हणून समिती कित्येक वर्षं मागतेय की आधुनिकीकरणाचा निधी वर्षअखेर न बुडणारा करा. १५ व्या वित्त आयोगानेही २०२१ ते २०२६ साठी सुमारे २ लाख ३८ हजार कोटींच्या वेगळ्या निधीची शिफारस केली. सरकारने ती तत्त्वतः मान्य केली, आणि त्यानंतरही समितीला आठवण करून द्यावीच लागली.

पत्रात काय लिहायचं ते सांगतो, आधी बाकीच्यांचं ऐकू.

वाटसरू_७

काका, माहिती छान. पण मला पटत नाही. खासदारांना तोफेतलं आणि रडारमधलं काय कळतं? आणि ६८ टक्के साहित्य जुनाट आहे हे छापून आपण कुणाला सांगितलं? आम्ही पाकिस्तानचं, चीनचं असं काही वाचतो का कधी? सैन्याचं सैन्याला बघू द्यावं.

देवळालीचा_गनर

वाटसरू, मी तोफखान्यातला माणूस आहे. तुमचं अर्धं मला मान्य आहे. कुठल्या जातीचा गोळा किती दिवस पुरेल ही यादी नावानिशी बाहेर येऊ नये. संसदेच्या समितीने ती बंद खोलीत बघावी. काही वर्षांपासून कॅगचे संरक्षणावरचे काही अहवाल संकेतस्थळावर टाकत नाहीत, फक्त सभागृहापुढे ठेवतात. ते मला योग्य वाटतं. पण खासदारालाही दाखवू नका म्हणाल तर मी विरोधात उभा राहीन.

बोफोर्सचं उदाहरण देतो, कारण त्याचे भोग आम्ही भोगलेत. मार्च १९८६ मध्ये १,४३७ कोटींचा करार, ४१० तोफा. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडनच्या रेडिओने दलालीची बातमी दिली. संसदेने काय केलं? शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली, विरोधकांनी तिच्यावर बहिष्कार घातला, आणि समितीने दलाली दिल्याचा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. १९८९ च्या जुलैत कॅगचा अहवाल आला तेव्हा विरोधी खासदारांनी लोकसभेचे सामूहिक राजीनामे दिले. एका बाजूला झाकपाक, दुसऱ्या बाजूला सभात्याग. या सगळ्यात तोफ चांगली आहे का, सुटे भाग मिळतात का, पुढची तोफ कधी घ्यायची, हे विचारायला कुणी उरलंच नाही.

तोफ चांगलीच होती. १९९९ ला द्रास-कारगिलमध्ये तिनेच डोंगरमाथे भाजून काढले. पण त्या प्रकरणानंतर तोफेच्या फायलीवर सही करायला कुणी धजावेना. पुढची नवी कोरी मोठी तोफ तोफखान्याला मिळाली ९ नोव्हेंबर २०१८ ला, इथेच देवळालीत. एम-७७७ आणि के-९ वज्र. मधली तीसेक वर्षं एका पिढीची अख्खी नोकरी होती. त्या पिढीतली मुलं जुन्याच तोफा ओढत निवृत्त झाली.

त्यामुळे खासदारांना तोफेतलं कळत नाही, हे मला लागू पडणारं उत्तर वाटत नाही. त्यांना बॅरलचं धातुशास्त्र कळायची गरज नाही. गरज कधी मान्य झाली, चाचण्या कधी संपल्या, अजून करार का नाही, एवढं दरवर्षी शांतपणे विचारलं असतं तरी आम्हाला पुरलं असतं. आता पुण्यात पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेने विकसित केलेली अटॅग्ज तोफ येतेय, मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचे करार झाले. तिच्याबद्दल पहिल्या वर्षापासून असं विचारलं जावं, एवढीच इच्छा.

श्टुटगार्टकर

इथली पद्धत सांगतो. जर्मनीत अडीच कोटी युरोंच्या वरचा लष्करी खरेदीचा करार सही होण्याआधी संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे जातो. समितीने मान्य केला तरच पुढे. दुसरं म्हणजे संसदेने नेमलेला एक लष्करी आयुक्त असतो, १९५६ च्या घटनादुरुस्तीपासून. कुठलाही सैनिक वरिष्ठांना न विचारता त्याला थेट लिहू शकतो, आणि आयुक्त दरवर्षी संसदेला अहवाल देतो. बूट, हेल्मेट, सुटे भाग, बराकींची गळकी छपरं, सगळं त्यात येतं.

याने सगळं सुरळीत झालंय असं नाही. इथल्या सैन्याच्या रखडलेल्या खरेदीबद्दल जर्मन लोक वर्षानुवर्षं कुरकुरताहेत. पण बाईंच्या भावाला असा एक पत्ता असता तर बरं झालं असतं, असं वाचताना वाटलं.

निवृत्त_हिशेबनीस

श्टुटगार्टकर, तो आयुक्त आपल्याकडे असावा असं मलाही फार वाटतं. खरेदीआधीच्या मंजुरीबद्दल मात्र साशंक आहे. आपल्याकडे आधीच इतकी टेबलं आहेत की आणखी एक वाढलं तर जॅकेट आणखी लांबेल. गनर साहेब म्हणतात ते जास्त पटतं.

आता पत्र. ताई, स्थायी समितीच्या शिफारशीवर मंत्रालयाला तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. मग समिती 'कृती अहवाल' काढते. त्यात प्रत्येक शिफारस वेगवेगळ्या रकान्यात पडते: सरकारने मान्य केली, समितीला उत्तर पटलं, उत्तर पटलं नाही, अंतिम उत्तर यायचं आहे. शेवटचे दोन रकाने आधी वाचा. सगळी गाडी तिथेच अडकलेली असते. शिवाय लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ७३-अ प्रमाणे मंत्र्याने सहा महिन्यांतून एकदा सभागृहात या शिफारशींच्या अंमलबजावणीवर निवेदन करायचं असतं. तुमचे खासदार त्या समितीत नसले तरी याच्या आधारे प्रश्न विचारू शकतात.

अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर हिंदीतही मिळतात. तुम्हाला जमेल.

कोरेगावची_बाई

काका, गनर साहेब, सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून मसुदा केला. बघा बरं:

"महोदय, उंच भागातील जवानांचे कपडे व साहित्य याबाबत कॅगने २०२० मध्ये त्रुटी दाखवल्या. त्या दूर झाल्या आहेत का? जवानांना सर्व साहित्य वेळेवर मिळते का? नसल्यास सरकार काय करणार आहे? कृपया संसदेत विचारावे."

वाटसरू, तुमचा मुद्दाही वर्गात सांगणार आहे. मुलांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात.

निवृत्त_हिशेबनीस

ताई, भावना पोचली, पण या पत्रातून पळवाट निघते. "वेळेवर मिळते का" याला "होय, गरजेनुसार पुरवठा केला जातो" असं एका ओळीचं उत्तर येईल. "काय करणार आहे" याला "ही निरंतर प्रक्रिया आहे" असं येईल. ही दोन उत्तरं मी इतक्या वेळा वाचली आहेत की डोळे मिटून लिहून देईन. साठ्याचा आकडाही मागू नका, सुरक्षेचं कारण देऊन तो नाकारतील आणि ते बरोबरच असेल.

तारखा मागा, तारखा नाकारणं अवघड असतं. असं लिहा:

"उंच भागातील कपडे व साहित्याबाबत लोकलेखा समितीने केलेल्या कोणत्या शिफारशी सरकारने मान्य केल्या व कोणत्या केल्या नाहीत? मान्य केलेल्यांपैकी प्रत्येकीची अंमलबजावणी कोणत्या तारखेला पूर्ण झाली? या साहित्याच्या वार्षिक मागणीपासून करार होईपर्यंत गेल्या तीन आर्थिक वर्षांत सरासरी किती महिने लागले? या वर्षांत किती तरतूद ३१ मार्चला खर्चाविना परत गेली?"

आणि खासदारांना हे अतारांकित प्रश्न म्हणून द्यायला सांगा. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, चिठ्ठीत निघेल की नाही, सांगता येत नाही. अतारांकितही चिठ्ठीतच निघावा लागतो, पण त्यांची संख्या बरीच जास्त असते, आणि त्याचं उत्तर लेखी येतं, कायमचं नोंदीत राहतं. नोटीस १५ दिवस आधी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच पत्र हातात द्या. पोस्टाने पाठवू नका, कार्यालयात जाऊन पोच घ्या. उत्तर आलं की इथेच टाका, कृती अहवालाशी ताडून बघायला मी बसतो.