डहाणू-घोलवडले जाऊन राह्यलो, बीच सोडून काय पाहाचं?

संत्रेवाला_वरुड:
राम राम मंडळी. दिवाळीनंतर आमी दोन घरचे मिळून डहाणूकडं जाचं म्हणून राह्यलो. पोरायले समुद्र पाहाचा हाय आन् मले चिकूच्या बागा, कारण आपल्या संत्र्याची दरसालची फळगळ पाहून जीव इटून गेला. तिथं दोन दिवस टाइमपास होईन का? आन् इकून गाडी कोणती बरी?

जुना_अकोलेकर:
दोन दिवस कमी पडतीन भाऊ. नोकरीत तीन वर्षं काढली तिकडं. पहिलं म्हणजे बाग म्हणू नका, तिकडं वाडी म्हणतात. चिकू कालीपत्ती जातीचा, 2016 मध्ये घोलवडच्या चिकूला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. बऱ्याच वाड्या पारशी-इराणी लोकांच्या. फळ झाडावर पिकू देत नाहीत, बांबूच्या टोकाला जाळी बांधून कच्चंच तोडतात आणि त्याचा चीक कपड्याला लागला का गेला कपडा (माझा एक पांढरा शर्ट गेलाच). बोर्डीचा किनारा एवढा सपाट की ओहोटीले पोरं विचारतीन समुद्र कुठं गेला, म्हणून भरतीचा टाइम विचारूनच जा.
गाडी: बडनेऱ्याहून नवजीवननं सुरत, तिथून उलटं खाली. नाहीतर विदर्भनं दादर, मग विरारला बदलून डहाणू रोडची लोकल.

मास्तरीण_यवतमाळ:
चिकू बाजारातही मिळतो हो! बोर्डीजवळ डोंगरावर बहरोटची लेणी आहेत, पारशांचं जुनं गाव संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर पवित्र अग्नी तिथे 12 वर्षं लपवून ठेवला असं पारशी लोक मानतात. चढ दमवतो, सकाळीच निघा. मग गंजाड गाव, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे तिथलेच, 2011 ची पद्मश्री. लग्नघरच्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठानं काढायच्या ती वारली चित्रं त्यांनी कागदावर आणली. आणि पोरांना हेही सांगा की याच पट्ट्यात 1945 ला किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांसोबत वारल्यांनी जमीनदारांची वेठबिगारी मोडली, नुसते सेल्फी काढून येऊ नका.

जुना_अकोलेकर:
बरोबर ताई. थर्मल (कोळशावरचं वीजकेंद्र) तिथंबी हाय, 500 मेगावॅटचं, पण 1991 पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे, कारखान्यांवर बंधनं, म्हणून वाड्या टिकल्या तरी. चंद्रपूरवाल्यांनी पाहून यावं एकदा.

संत्रेवाला_वरुड:
लय झालं बाप्पा, पांढरा सदरा घरीच ठेवतो. दोन-चार कलमं आणू का येतानी?

जुना_अकोलेकर:
आणा, पण खिरणीच्या रोपावर (चिकूच्याच जातकुळीचं झाड) बांधलेलीच मागा.