मदत हवी आहे: धाकटी काचेच्या पेटीत, घरी थोरला रिकामा पाळणा हलवत बसतो

नमस्कार. इथं मी आजवर नुसती वाचत आले, लिहितेय पहिल्यांदाच. रात्रीचे पावणेदोन झालेत. दूध काढून डबी फ्रीजमध्ये ठेवली. आता झोपायला हवं, पण डोळा लागत नाही, म्हणून विचारूनच टाकते.

आम्ही सोलापूरला पूर्व भागात राहतो. घरात आमचे हे, सासूबाई, मी आणि थोरला. थोरला म्हणजे केवढा, तर अडीच वर्षांचा. १९ दिवसांपूर्वी धाकटी झाली. माझं बीपी एकाएकी १७० वर गेलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले आणि रात्रीच सिझर करावं लागलं. ३१ आठवडेच भरले होते. बाळ १ किलो ३८० ग्रॅमचं. पहिले चार दिवस श्वासासाठी नाकाला सीपॅप, म्हणजे दाबाने हवा देणारं मशीन, लावलं होतं, ते निघालं. वजन आधी १२४० वर उतरलं तेव्हा जिवाचं पाणी पाणी झालं, पण डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर आलेल्या बाळांचं सुरुवातीला उतरतंच. आज १४५० भरलं. दर दोन तासांनी २२ मिली दूध नळीतून पोटात जातं. दवाखान्यातली माणसं जीव लावून बघतात. तिच्यासाठी मी हा धागा काढलेला नाही. थोरल्यासाठी काढलाय.

त्या रात्री तो गाढ झोपेत होता. ह्यांनी त्याला तसाच उचलून शेजारच्या काकूंकडं निजवलं. सकाळी उठला तर घर दुसरं, मम्मी नाही. रडायला लागला तशा काकू म्हणाल्या, "मम्मी बाजारात गेलीय बाळ आणायला." सासूबाईंनी सांगितलं, "बाळ देवबाप्पाकडं आहे, तो देणार आहे." सहाव्या दिवशी मी घरी आले. त्याने आधी माझ्या मागं बघितलं, मग रिक्षात वाकून बघितलं. घरात आल्यावर माझ्या पोटाला हात लावला, पट्टी दिसली, आणि मला विचारलं, "बाळ फुटलं?"

मला काही सुचलंच नाही. नाही रे राजा म्हणाले आणि रडत सुटले. तो माझ्याकडं बघत तसाच उभा राहिला.

तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. दिवसा चड्डीत शू होत नव्हती, ती परत व्हायला लागली. भाकरी स्वतःच्या हाताने खायचा, आता भरव म्हणतो. कडेवर घे म्हणून हात वर करतो आणि टाक्यांमुळे मला उचलता येत नाही, वजन उचलायचं नाही असं बजावलंय. मी सकाळी दहाला निघते, दुपारी येते, परत पाचला जाते. त्याचा रडका चेहरा बघवत नाही म्हणून तो आतल्या खोलीत खेळत असताना गुपचूप निघायचे. चारपाच दिवसांत त्याच्या लक्षात आलं. आता तो माझी चप्पल दिवाणाखाली सरकवून ठेवतो. एकच सरकवतो, दुसरी जागेवर असते. काल मी वाकून वाकून ती शोधत होते आणि तो भिंतीला टेकून बघत होता. आवाज नाही, रडणं नाही.

आणि पाळणा. त्याच्याच वेळचा लाकडी पाळणा ह्यांनी डिसेंबरातच माळ्यावरून काढून, पुसून, नवीन दोर लावून बांधला होता, थोरल्याला सवय व्हावी म्हणून. सासूबाईंना ते तेव्हाही पटलं नव्हतं. आता तो रोज त्या पाळण्यापाशी उभा राहतो आणि जो जो म्हणत हलवतो. सासूबाई ओरडतात, "रिकामा पाळणा हलवू नये, किती वेळा सांगायचं!" परवा त्यांनी त्याचा हात झिडकारला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांचं एक बाळ महिन्याचं होऊन गेलं होतं, ह्यांच्याही आधी. त्या ते कधी बोलत नाहीत, पण पाळण्याची धास्ती तिथूनच आली असणार. थोरल्याला हे कसं कळणार? तो आता आजी आंघोळीला गेली की हलवतो, आणि बाथरूमची कडी वाजली की हात मागं घेतो. अडीच वर्षांच्या पोराने असं चोरून काही करावं, हे मला फार लागतं.

त्यातच गड्डा, म्हणजे आमच्याकडची सिद्धेश्वराची जत्रा, भरलाय. मी नको नको म्हणत होते, होम मैदानावर केवढी ती धूळ आणि गर्दी, पण पोरगं घरात कोमेजलंय म्हणून दीर संक्रांतीला घेऊन गेले. नंदीध्वज बघितले, जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसला, आणि बाळासाठी म्हणून स्वतः हट्ट करून लाकडी खुळखुळा आणला. येताना नाक गळायला लागलं. झालं! मोठ्याची साधी सर्दी एवढ्याशा जिवाला केवढ्यात पडेल म्हणून दोन दिवस मी त्याला जवळच घेतलं नाही. तो "मम्मी, दे बाळाला" म्हणून खुळखुळा पुढं करतो आणि मी मागं सरकते. असं कसं चालेल?

लहान भावंडांना बाळाला भेटू द्यायचं नाही असा दवाखान्यातला नियम आहे आणि मला तो मान्य आहे. पण मी त्याला सांगू काय? अडीच वर्षांच्या मुलाला "बाळ काचेच्या पेटीत आहे" हे झेपतं का? की डिस्चार्जपर्यंत काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी? आणि पाळणा काढून ठेवावा का? ज्यांच्या घरात असं घडून गेलंय त्यांनी कृपा करून लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे, सोलापुरात नाही, दुसरीकडे. तुमच्यासारख्या आया रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

सांगा. खरं सांगा, पण घासाघासाने. "बाळ पोटातून बाहेर आलं. खूप लवकर आलं, म्हणून एवढंसं आहे. काचेच्या पेटीत ऊब असते. दूध पिऊन मोठं झालं की घरी येणार." बस. तो हेच पन्नास वेळा विचारेल, तुम्ही पन्नास वेळा त्याच शब्दांत सांगा. शब्द बदलले की त्याला वाटतं गोष्ट बदलली. "बाळ आजारी आहे" म्हणू नका, उद्या त्याला स्वतःला ताप आला की मलाही पेटीत घालणार असं वाटेल. आणि देवबाप्पाकडं तर नकोच. उद्या घरातलं कुणी गेलं तर हेच शब्द त्याच्या कानावर पडणार आहेत. त्याने "बाळ फुटलं?" विचारलं म्हणजे त्याच्या डोक्यात आधीच एक गोष्ट तयार आहे, तुमच्या खऱ्या गोष्टीपेक्षा कितीतरी भयंकर. पोटाची पट्टी दाखवा, इथून डॉक्टरांनी बाळाला बाहेर काढलं म्हणून सांगा.

चोरून निघू नका, हे हात जोडून सांगते. रडू दे. तोंडावर सांगून निघालं तर दारात दहा मिनिटं रडेल. चोरून गेलात तर दिवसभर तुमच्यावर पहारा ठेवेल, चप्पल त्यासाठीच सरकवतोय तो. पाच वाजता येते म्हटलेलं त्याला कळत नाही. "तू जेवशील, झोपशील, उठशील, की मम्मी आली" हे कळतं. मात्र तसंच यायचं.

कडेवर घेता येत नाही ना, मग तुम्ही खाली बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या. पोटापाशी उशी धरा. उचलणं वेगळं आणि जवळ घेणं वेगळं.

सर्दीचं: तुम्ही त्याला जवळ घ्या. मग निघताना साबणाने हात, तोंड धुऊन, कपडे बदलून जा. घरात सर्दी आहे हे युनिटमध्ये सांगा, तिथल्या सिस्टर मास्क देतील. तुम्हाला स्वतःला शिंका सुरू झाल्या तर मात्र आत जाण्याआधी विचारा. खुळखुळा आत नेऊ नका. स्वच्छतेसाठी तर नकोच, पण आवाजासाठीही नको. एवढ्या लहान बाळाला तो सोसत नाही. आम्ही पेटीचं दारसुद्धा हळू लावतो.

एक तुम्ही विचारलं नाहीत ते. कांगारू, म्हणजे उघड्या छातीवर बाळाला धरणं, ते बाळाचे बाबाही करू शकतात. बरेच बाबा लाजतात, एकदा धरलं की सोडत नाहीत. संध्याकाळची पाळी त्यांना द्या. तुमचे ते दोनअडीच तास थोरल्याचे. दूध काढून त्यांच्याबरोबर बर्फाच्या थर्मासमधून पाठवा. आणि पहिल्या महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. हे थोरल्याचं नाही, पण चुकवू नये असं आहे.

प्रतिसाद २

आमची मोठी तेव्हा तीनची होती. फोटो दाखवायची मला भीती वाटत होती, नळ्या बघून घाबरेल म्हणून. तिने बघितला आणि एवढंच विचारलं, "टोपी कुणी घातली?" पहिल्यांदा नळी नसलेल्या बाजूने काढलेला दाखवा. व्हिडिओ नको, त्यात मशीनची टिकटिक ऐकू येते.

प्रतिसाद ३

बाळा, मी साठीची आहे, बार्शीकडची. तुझ्या सासूच्या जागी मीच आहे असं समज. रिकामा पाळणा हलवू नये हे आमच्या मनात एवढं बसलंय की ते डॉक्टरने सांगून जाणार नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. पाळणा काढायलाही सांगू नकोस, काढलेला पाळणा बघून पोरगं आणखी भिईल.

बारशाला आपण आधी काय करतो? वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतो, मग बाळ. पाळणा रिकामा नसला म्हणजे झालं. वरवंटा नको, पोर पायावर पाडून घेईल. सासूबाईंनाच म्हणावं, आई, तुमच्या हाताने चिंध्यांची एक बाहुली करून द्या, पाळणा रिकामा राहायला नको. बघ काय म्हणतात.

(धागाकर्ती, सहा दिवसांनी)

सगळ्यांनी लिहिलंत, खूप आधार वाटला. सिस्टर ताईंचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. ते कारखान्यातून सुटले की आता तिकडूनच जातात आणि कांगारू करतात. पहिल्या दिवशी आले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, तिचा श्वास माझ्या छातीवर लागतो.

थोरल्याला सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. टाके दाखवले. त्याने बोट लावलं, "ऊ ऊ?" विचारलं, मी म्हणाले थोडं. मग पंप घेऊन बसले की शेजारी येऊन बसायला लागला. बाटलीत दूध चढताना बघतो आणि "बाळाचं दुदू, बाळ मोठं" म्हणतो. आधी त्याच पंपावर लाथ मारायचा. सांगून निघाले तर पहिल्या दिवशी गेटपर्यंत आक्रोश, रिक्षावाल्यांनीच दोनदा मागं वळून बघितलं. तिसऱ्या दिवशी रडला, पण चप्पल त्यानेच आणून दिली. काल परत लपवली. असं पुढंमागं चाललंय. चड्डीचं अजून तसंच आहे, त्यावरून कुणी काही बोलायचं नाही असं घरात ठरवलंय.

बार्शीच्या काकू, तुम्ही सांगितलं तसंच म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुपारी झोपले होते, उठून बघते तर त्या उंबऱ्यात बसून जुन्या टॉवेलच्या गुंडाळीला दोऱ्याने मान बांधतायत आणि थोरला सुई लांब धरून उभा. डोळे म्हणून दोन काळे टाके घातले, आणि थोरल्याचंच बाळपणीचं टोपडं ट्रंकेतून काढून घातलं. पाळण्यात त्यांनीच ठेवली. त्याचा हात धरून दोर त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हळू. बाळाला झोका हळू द्यायचा असतो." खुळखुळा पाळण्याच्या कडीला बांधलाय. रात्री मला जाग येते तेव्हा त्या स्वतः एकदा पाळण्याला हात लावून जातात.

धाकटी १६२० झाली. बोंडल्याने दूध घ्यायला लागलीय, दिवसातून चारदा, बाकी अजून नळीने. सगळं दूध तोंडाने घेतलं आणि वजन असंच वाढत राहिलं तर पुढच्या आठवड्यात बघू, असं डॉक्टर म्हणालेत. त्या दिवशी मी रिकाम्या हाताने घरात शिरायचं आणि आधी थोरल्याला जवळ घ्यायचं, बाळ ह्यांच्याकडं, असं आमचं ठरलंय.

एकच विचारायचं राहिलं. ती आल्यावर पाळण्यातली बाहुली आम्ही आधीच काढून ठेवावी, की त्याच्याच हाताने काढू द्यावी? तो तिला आता बाळच म्हणतो. कुणावर ही वेळ आली असेल तर सांगा.